जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचे शॉकअप : काय बघावे, काय मोजावे



मागच्या वेळी आपण वैशेषिकांच्या ‘संस्कार’ या गुणाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने प्रश्न पाठवला. त्याच्याकडे वडिलांची आरएक्स १०० आहे. ब्रेक मारला की पुढून डुबकी घेते, खड्ड्यात मागून धाडकन आपटते. जुन्या बाजारात दुसऱ्या, मोठ्या गाड्यांचे शॉकअप आणि फोर्क स्वस्तात मिळतात. ‘सर, ते बसवू का? आणि तुमच्या स्थितिस्थापक संस्काराचा याच्याशी काही संबंध आहे का?’ दुसरे वाक्य त्याने गमतीने लिहिले असावे. पण संबंध आहे, चांगला घट्ट संबंध आहे. म्हणून आजचा पूर्ण वेळ या एका प्रश्नाला द्यायचे आम्ही ठरवले.

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने शॉकअपवर का बोलावे, असे काहींना वाटेल. तर त्याचे उत्तर आधी देतो. आमच्याकडेही आरएक्स १०० होती, १९८९ साली घेतलेली. काही वर्षांनी मागचे शॉकअप बसले. नवे महाग वाटले, म्हणून आम्ही भंगारात गेलो. तिथे एका जड गाडीच्या शॉकअपची जोडी दिसली. हातात घेतली, जमिनीवर टेकवून सगळा भार टाकून दाबली. दबली नाही. ‘कडक आहे, माल चांगला आहे,’ असे मनाशी म्हणून आम्ही ती घेतली आणि बसवली. आठ दिवसांनी सौभाग्यवतींना मागे बसवून घाटातून उतरत होतो. वळणावर रस्ता लाटांसारखा उंचसखल झालेला. पहिल्या लाटेला गाडी उसळली, दुसरीला जास्त उसळली, तिसरीला मागचे चाक बाजूला गेले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. आम्हाला खरचटले. त्यांचे उजवे मनगट मोडले. ते आजही पावसाळ्यात दुखते.

नंतर गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनी तो शॉकअप खोलला. स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि मधला दांडा एका बोटाने आत ढकलला. वॉशर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा तो अलगद आत गेला आणि तसाच बाहेर आला. आतले तेल केव्हाच गेले होते. आम्ही घरी येऊन हे सांगितले, तेव्हा प्लास्टरमधला हात सांभाळत त्या म्हणाल्या, ‘दाबून पाहिलंत म्हणता. सोडून पाहिलं होतंत का?’

मंडळी, आजच्या विषयाचे मर्म या एका प्रश्नात आहे. आता ते नीट उलगडू.

दोन कामे, दोन भाग

वैशेषिकांनी संस्कार तीन प्रकारचा मानला : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेले धनुष्य सोडले की सरळ होते, ओढलेली फांदी सोडली की जागेवर जाते, हा स्थितिस्थापक. आज शाळेच्या पुस्तकात आपण ‘स्थितिस्थापकता’ म्हणतो तो शब्द इथलाच. आता गंमत बघा. फांदी जागेवर जाते खरी, पण तिथे थांबते का? नाही. पलीकडे जाते, परत येते, हेलकावे खाते. कारण परत येताना तिच्यात वेग उत्पन्न झालेला असतो. हा वेग आपोआप संपत नाही. प्रशस्तपाद सांगतात, तो संपतो स्पर्शवान द्रव्याच्या विशिष्ट संयोगाने. म्हणजे काहीतरी आडवे यावे लागते.

शॉकअपमध्ये नेमके हेच दोन भाग आहेत. स्प्रिंग हा स्थितिस्थापक भाग. खड्ड्याचा धक्का ती साठवते आणि लगेच परत देते. ती काहीही गिळत नाही, बरं का. गिळण्याचे काम दुसऱ्या भागाचे, म्हणजे डँपरचे. त्यात तेल असते आणि बारीक भोकांतून किंवा झडपांतून ते ढकलले जाते. त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेल म्हणजेच ते आडवे येणारे स्पर्शवान द्रव्य.

स्प्रिंग दाबताना कळते, डँपर सोडताना कळतो. बाजारात आपण दाबतो. त्यामुळे आपली परीक्षा निम्म्याच वस्तूची होते. त्यातही जड गाडीची स्प्रिंग हाताने दबतच नाही, म्हणून डँपर जिवंत आहे की मेलेला हे कळायला मार्गच उरत नाही. आणि मेलेल्या डँपरवर कडक स्प्रिंग ही सर्वांत धोकादायक जोडी. नरम स्प्रिंग निदान उसळी कमी मारते.

डँपर अतिकडक असला तरी घात होतो. चाक खड्ड्यातून वर गेले आणि परत खाली यायला उशीर लागला, तर तोवर पुढचा खड्डा येतो. मग गाडी प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी शॉकअपमध्ये दबायला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटते स्प्रिंग कडक आहे. खरे तर ती वर येऊच शकलेली नसते.

कडक म्हणजे किती कडक?

‘कडक’ हा शब्द बाजारात ठेवून या. घरी आणायचा तो आकडा. सुटी काढलेली स्प्रिंग २० किलो भाराने १० मिलिमीटर दबली, तर ती दर मिलिमीटरला २ किलोची. लेथवाल्याकडे किंवा गॅरेजच्या प्रेसवर हे मोजता येते. शॉकअपवरून स्प्रिंग काढताना मात्र स्प्रिंग दाबायचे हत्यार वापरा. दोरीने आणि पान्याने केलेल्या कसरतीत दात गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

मोजायची सोय नसेल तर डोळ्याने तुलना करता येते. वेटोळ्यांची संख्या आणि व्यास सारखा असेल, तर कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ७ मिलिमीटरच्या तारेऐवजी ८ मिलिमीटरची तार आली, तर स्प्रिंग १४ टक्के नव्हे, सुमारे ७० टक्के कडक होते. डोळ्याला फरक एक मिलिमीटरचा, पाठीला फरक केवढा! आणि स्प्रिंग कापली की ती नरम होते हा समज उलटा आहे. १० चालू वेटोळ्यांतली २ कापली, तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के जास्त कडक होते, शिवाय लांबी घटते ती वेगळीच.

आपल्याला किती कडक हवी, हे गाडीच सांगते. मधल्या स्टँडवर उभी करून मागचे चाक हवेत लोंबू द्या. ॲक्सलपासून सरळ वर, सीटखाली एक खूण करून अंतर मोजा. मग गाडी चाकांवर घ्या, नेहमीच्या कपड्यांत बसा आणि दुसऱ्या कोणाकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे बसण, इंग्रजी नाव सॅग. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश बसण ठीक. चाल १०० मिलिमीटर असेल तर २५ ते ३५. त्याहून बरीच जास्त असेल तर स्प्रिंग नरम. फारच कमी असेल तर कडक, आणि मग चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा राहत नाही. ते हवेत लोंबते. हवेतल्या चाकाला पकड नसते. पुढेही असेच मोजायचे.

हे माप एकट्याने एकदा आणि मागे नेहमी बसणारे माणूस बसवून एकदा घ्या. आम्ही ते केले नव्हते.

मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात, त्या फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. त्याने गाडीची उंची आणि बसण बदलते. स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. पुष्कळ जण इथे फसतात.

मागचे शॉकअप बदलताना

मागची अदलाबदल सोपी वाटते, कारण दोन बोल्ट काढले की काम झाले. तरी चार मापे घ्या. वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. बुशांचा आतला व्यास आणि रुंदी. खाली डोळा आहे की चिमट्यासारखे दोन कान. आणि दांड्याची चाल. लांबी दहा-पंधरा मिलिमीटरने वाढली तरी मागचा भाग उचलला जातो, साखळीचा कोन बदलतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलून पडायला बघते. लांबी घटली तर टायर मडगार्डला लागतो. गॅसचा डबा जोडलेले शॉकअप असतील, तर तो डबा सायलेन्सरला, साखळीच्या कव्हरला किंवा इंडिकेटरला अडतो का हे पूर्ण चाल दाबून बघा.

मोनोशॉकच्या गाडीचा एकुलता शॉकअप किंवा त्याची स्प्रिंग इथे उपयोगाची नाही. दोन शॉकअपच्या जुन्या गाडीत ते चाकाजवळ असतात. चाक जेवढे हलते जवळपास तेवढाच शॉकअप हलतो. मोनोशॉक चाकापासून दूर, तरफेच्या आतल्या बाजूला असतो. चाक दोन इंच हलले तेव्हा तो एकच इंच हलत असेल, तर त्याची स्प्रिंग चौपट कडक असावी लागते, कारण इथे गुणोत्तराचा वर्ग येतो. म्हणजे तीच स्प्रिंग, तिच्या घरी योग्य आणि दुसऱ्याच्या घरी दगड. सुटा भाग चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे, हे इथे अगदी गणितात दिसते.

पुढचा फोर्क : इथे सावकाश

जुन्या गाड्यांच्या फोर्कमध्ये साधी नळी आणि तिला ठरावीक भोके असतात. तेल त्या भोकांतून जाते. भोके बदलत नाहीत, त्यामुळे वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. ब्रेक मारल्यावरची डुबकी ही सावकाश हालचाल, तिथे विरोध कमी पडतो. धारदार खड्डा ही झटक्याची हालचाल, तिथे विरोध इतका वाढतो की मनगटे हादरतात. म्हणून एकच फोर्क आपल्याला एकाच वेळी नरम आणि कडक वाटतो. जाड तेल घातले तर डुबकी कमी होते, पण खड्डा जास्त लागतो. नव्या पद्धतीच्या काही फोर्कमध्ये पातळ पट्ट्यांच्या झडपा असतात. त्या झटक्याला वाकून वाट देतात. दुसऱ्या गाडीचा फोर्क घेण्याचा खरा फायदा कुठे असेल तर या झडपांत. नुसत्या जाड नळ्या आणि रुबाबदार रूप यासाठी घेऊ नका.

फोर्क बसवण्यातली पहिली अडचण मानेत येते. खालच्या ब्रॅकेटचा उभा दांडा आपल्या फ्रेमच्या मानेत लांबीला बसला पाहिजे आणि कोन सेट जुळला पाहिजे. आतला व्यास नव्या दांड्याचा आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्रेमचा, असा बेअरिंग मिळाला तर उत्तम. नाहीतर जुना दांडा नव्या ब्रॅकेटमध्ये प्रेसवर बसवावा लागतो. ते जाणत्या लेथवाल्याचे काम. तिथे वेल्डिंगचा टाका मारून भागवू नका. हँडल आणि पुढचे चाक त्या एका दांड्यावर असते. बुलेटसारख्या गाडीत तर हेडलाइटचे कवचच वरचा ब्रॅकेट असते, तिथे ही अदलाबदल आणखी अवघड.

दुसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही, ती म्हणजे ट्रेल. हँडल ज्या आसावर फिरते तो आस खाली जमिनीपर्यंत वाढवा. चाक जमिनीला जिथे टेकते ती जागा त्या बिंदूच्या मागे असते. हे अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या ट्रॉलीचे चाक ढकलले की आपोआप मागे वळून सरळ चालते, तसेच पुढचे चाक ट्रेलमुळे सरळ राहू बघते. ट्रेल कमी झाले तर हँडल हलके आणि चंचल. जास्त झाले तर स्थिर पण वळायला जड.

उदाहरणासाठी धरू : चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, आसाचा उभ्या रेषेशी कोन २७ अंश, आणि फोर्कच्या नळ्या आसाच्या पुढे ५० मिलिमीटर. तर ट्रेल येते सुमारे ९७. दुसऱ्या गाडीच्या ब्रॅकेटमध्ये नळ्या ६५ मिलिमीटर पुढे असतील, तर ट्रेल ८०. ३५ असतील तर ११४. ब्रॅकेटच्या मापातले पंधरा मिलिमीटर, आणि गाडीचा स्वभाव बदलला. फोर्कच्या लांबीचाही असाच परिणाम. १२५० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचे नाक २५ मिलिमीटरने खाली आले, तर कोन एका अंशाहून थोडा अधिक बदलतो आणि वरच्या उदाहरणात ट्रेल सहा-सात मिलिमीटरने घटते. म्हणून फोर्कची लांबी आणि ब्रॅकेटचे माप मूळच्या जितके जवळ तितके बरे.

मग उरलेली यादी : ॲक्सलचा व्यास, चाक मधोमध येते का, ड्रम ब्रेकची प्लेट अडवणारी खाच नव्या बॉटमला आहे का, स्पीडोमीटरची केबल, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर नळ्या टाकीला लागतात का. ब्रेकच्या प्लेटची खाच नसेल तर ब्रेक मारताच प्लेट फिरून चाक जाम होईल. ही एक गोष्ट विसरलात, तर बाकीचे सगळे बरोबर असून उपयोग नाही.

जुना भाग तपासताना

फोर्कच्या नळ्या जाड काचेवर ठेवून लोळवा. खालून उजेड उघडमीट होताना दिसला तर नळी वाकलेली. ज्या भागावरून ऑइल सील फिरते, तिथे गंजाचे टोकदार खड्डे असतील तर नवे सील आठवड्यात फाटेल. बॉटम धरून पुढेमागे हलवा. खडखड असेल तर बुश गेले. दोन्ही पाय एकाच गाडीचे आहेत ना, बघा. मागच्या शॉकअपचा दांडा चकचकीत, सरळ आणि कोरडा हवा. स्प्रिंग काढून दांडा ढकला आणि ओढा : सगळ्या चालीत सारखा विरोध, मध्ये पोकळ जागा नाही, आणि जोडीतले दोन्ही सारखे. गॅसचे शॉकअप घरी खोलू नका. आत दाबाखालचा वायू असतो.

आणि बसवल्यावर पहिली फेरी एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगाने. मागे कोणाला बसवून नाही.

आधी काय करावे

त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे. वडिलांची गाडी मूळची वाईट नव्हती. तीस वर्षांनंतर ती जशी चालते, त्यावरून तिची किंमत करू नकोस. आधी फोर्कमधले तेल बदल. दोन्ही पायांत पातळी सारखी हवी. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून तेलापर्यंत मोजायची. सील, बुश आणि कोन सेट नवे घाल. मागे चिमट्याचे, म्हणजे स्विंगआर्मचे, बुश तपास. टायरची हवा बघ. मग बसण मोज. पुष्कळदा इथेच काम संपते, आणि उरलेच तर काय कमी आहे ते आकड्यात कळलेले असते. मग बाजारात जाताना ‘कडक शॉकअप दाखवा’ म्हणायचे नाही. हातात कागद, कागदावर लांबी, बुश, चाल आणि स्प्रिंगचा आकडा.

कायद्याचेही बघ. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. नोंदणीत व्हीलबेसचाही रकाना असतो, आणि लांब फोर्कने व्हीलबेस बदलतो. तेव्हा आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचार, आणि उत्तर लेखी घे.

शेवटी एक प्रश्न राहतो, तो त्याने विचारला नव्हता, पण प्रश्नाच्या मागे दिसत होता : इतके भाग बदलले तर गाडी वडिलांचीच राहील का? नैयायिक काटेकोर आहेत. कापडातला एक धागा काढला तरी ते म्हणतील, जुने कापड नष्ट झाले, हे नवे. आरटीओ चेसिस नंबर बघेल आणि म्हणेल, तीच गाडी. आम्ही दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत. वडील ज्या रस्त्याने ती गाडी नेत होते, त्या रस्त्याने ती तुला आणि तुझ्या मागे बसणाऱ्याला सुखरूप नेऊन आणत असेल, तर ती त्यांचीच समजायला आमची हरकत नाही.

पुढच्या वेळी संस्काराचा राहिलेला प्रकार, भावना, म्हणजे स्मृतीचे मूळ, यावर बोलू. शॉकअपबद्दलचे प्रश्न असतील तर जरूर पाठवा. मापे घेऊन पाठवा, एवढीच विनंती. नमस्कार.